अबोली झाक

"ही गोष्ट खरी आहे असं तुमच्यातला एक जरी म्हणाला, तर इथंच, तहसीलच्या दारात, मिशी उतरवून ठेवीन," असं म्हणून आप्पा कोष्टी बाकावर मांडी घालून बसले.

"मिशी आहे कुठं?" झेरॉक्सवाला नदाफ म्हणाला. "मागच्या पैजेत गेली की."

"वाढतीय. तू मशीन बघ तुझं."

आप्पा चौतीस वर्षं पट्टेवाले होते. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून जे कानावर पडलं, त्यात मीठमसाला घालून ते आता तहसीलबाहेरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये वाटत असतात. त्यांच्या एका गोष्टीत विंचू कलेक्टरला चावतो आणि विंचूच मरतो. दुसरीत एका उन्हाळ्यात द्राक्षं वेलीवरच वाळून बेदाणा होतात आणि व्यापारी शिड्या घेऊन सौद्याला येतात. खोटं आहे हे सगळ्यांना कळतं, तरी सगळे ऐकतात. तहसीलला आलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं, थांबण्याशिवाय?

त्या दिवशी थांबलेला माणूस होता प्रल्हाद ऐवळे. ट्रकवर चालक, एवढ्यासाठी रजा टाकून आलेला. शेडमधल्या टायपिंगच्या टेबलाशी बसून तो बाईंना अर्ज सांगत होता. कवठणीच्या शीतगृहात अमोनियाची नळी फुटली, नऊ बायका गेल्या. चौकशी आयोग बसला, उठला. चार वर्षं झाली, अहवाल कोणाला बघायला मिळालेला नाही. तो मिळावा.

आप्पांनी कान टवकारले होते. "ऐवळे म्हणजे कलाबाईंचे कोण तुम्ही?"

"मुलगा."

"कशा आहेत?"

"दिवाळीत गेली."

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तर तुम्ही ही गोष्ट ऐकलीच पाहिजे. आयोगापुढं साक्षीदारांचा पुकारा मीच करत होतो. तुमच्या आईचं नाव खरं ठेवतो. बाकीची बदलतो, ती माणसं अजून गावात हिंडताहेत. आयोगाची एक टायपिस्ट होती. तिला आपण हेमलता म्हणू."

"म्हणा," प्रल्हाद म्हणाला.

टेबलावरच्या बाई अर्ज टाइप करत राहिल्या.

तर ही हेमलता. हिचा हात इतका चालायचा की साहेबांना शिंक यायच्या आधी 'साहेब शिंकले' असं टाइप झालेलं असायचं. ("झालं सुरू," नदाफ म्हणाला.) थट्टा सोडा. तालुक्यात 'निरख'ची परीक्षा पास झालेली तेवढी एकच बाई होती.

निरख म्हणजे कचेऱ्यांत नवीन आलेला, कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा एडिटर. पूर्वी पडद्यावरची ओळ निवडायची तर माऊसनं ओढायला लागायचं, ओढली की ती निळी व्हायची. निरखमध्ये हात लावायचं काम नव्हतं. पडद्याखाली दोन बारीक कॅमेरे, ते डोळ्यांच्या बाहुल्या बघत. मनगटावर एक पट्टा, तो बोटांकडं जाणारा इशारा पकडे. माणूस एखादी गोष्ट करतो त्याच्या अर्धा सेकंद आधी त्याच्या शरीरात तिची तयारी सुरू झालेली असते. बाहुली फुगते, दंडातून बारीक वीज धावते. आपल्याला वाटतं आत्ता ठरवलं; शरीरानं ते आधीच ठरवलेलं असतं. निरख ती तयारी वाचायचा आणि हात हलायच्या आत ओळ निवडून मोकळा व्हायचा.

सुरुवातीला या यंत्रानं टायपिस्टांना घेरी आणली. काय पकडलंय आणि काय सुटलंय तेच कळेना. एका बाईनं म्हणे दुसऱ्याच्याच खरेदीखतातला अख्खा पूर्व दिशेचा बांध पुसला. मग कंपनीनं अक्षरांच्या मागं रंग सोडला. कचेरीतल्या बायका त्याला झाक म्हणायच्या. नजर फिरेल तिथं हळदी झाक. एखादी ओळ काढून टाकायला मन झुकलं की अबोली. ओळ पुरती हातात आली की गर्द निळी; मग अंगठा तर्जनीला टेकवला की ओळ गेली. झाक आली आणि घेरी थांबली. माणसाला स्वतःच्या मनाचा रंग समोर दिसायला लागला, त्याला बरं वाटलं.

इतकं बरं वाटलं की हेमलता घरी भाकरी थापताना परातीकडं बघायची आणि हळदी झाक का येत नाही म्हणून क्षणभर थबकायची.

कवठणीचं शीतगृह बेदाण्याचं. मागं यंत्रघर, पुढं मोठा हॉल. हॉलमध्ये चाळीस बायका बेदाणा निवडायला बसत. माघात सकाळी अकराला नळी फुटली. वायू हॉलमध्ये भरला. दाराजवळच्या वाचल्या. आतल्या रांगेतल्या नऊ जणी जागच्या जागी राहिल्या, समोर टोपल्या तशाच. त्यांच्यात तिथंच कामाला असलेल्या कलाबाईंची धाकटी लेक होती, सुरेखा.

"एकवीस वर्षांची," प्रल्हाद म्हणाला.

हो, एकवीस. आता पेच कसा होता बघा. वायू सुटला की घंटा वाजते. वाजली असती तर सगळ्या पळाल्या असत्या. घंटा वाजली का? यंत्रघरावर जो ऑपरेटर होता त्यानं आयोगापुढं सांगितलं, वाजली; बायकाच गप्पा मारत बसल्या, उठल्या नाहीत. म्हणजे दोष मेलेल्यांचा. आणि तो ऑपरेटर, धनाजी, हेमलतेचा सख्खा धाकटा भाऊ.

"मग तिला तिथं बसवलंच कसं?" नदाफनं विचारलं.

बसवलं. आयोगाच्या सचिवांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमचा भाऊ तिथंच ना?" ती म्हणाली, "हो." सचिव म्हणाले, "असू दे. आपलं काय, ऐकायचं आणि लिहायचं." दुसरी टायपिस्ट आणायची तर सांगलीहून आणायला लागली असती, तिचा भत्ता मंजूर नव्हता. अशा गोष्टी अशाच होतात, कोणाच्या मनात पाप लागत नाही.

आई गेली तेव्हा धनाजी चार वर्षांचा. हेमलतेनं त्याला अंगाखांद्यावर वाढवला, तो तिला आक्का म्हणायचा. नवरा गेल्यावर ती राहायला आली तीही त्याच्याच घरी. त्याच्या दोन मुलींना वेण्या तीच घालायची. एवढं लक्षात ठेवा.

आयोग बसला होता पंचायत समितीच्या बचत भवनात. मध्ये न्यायमूर्ती सबनीस, निवृत्त, कानाला यंत्र. बाजूला हेमलता आणि तिचा पडदा. तसाच दुसरा पडदा साक्षीदाराकडं तोंड करून. हा नियम चांगला होता: साक्षीदार जे बोलला ते काय लिहिलं जातंय, हे त्याला तिथल्या तिथं दिसावं. ज्याला वाचता येतं त्याला. कलाबाईंना येत नव्हतं.

कलाबाई साक्षीला आल्या तेव्हा अंगावर धुवट हिरवं लुगडं. त्या हळू बोलल्या आणि सरळ बोलल्या. हेमलतेनं उतरवून घेतलं. मग रिवाजाप्रमाणं जबाब वाचून दाखवायचा. हा रिवाज इंग्रजांच्या वेळेपासूनचा आहे: वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाली, अंगठा घेतला. हेमलता वाचायला लागली. ओळीवरून तिची नजर जाईल तशी झाक सरकत होती. कलाबाई पडद्याकडं टक लावून बघत होत्या.

"बाई," त्या मध्येच म्हणाल्या, "तुमचा आवाज जातोय तशी ही हळद पुढं सरकतीया. व्हय?"

"हो मावशी. मी वाचते तिथं रंग येतो."

"म्हंजे मला बी कळतंय की, कुठं आलोय ते." त्यांना त्याचं मोठं नवल वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्या कोणाबरोबर तरी वाचत होत्या.

हेमलता पुढं वाचू लागली. तीन ओळी झाल्या असतील. कलाबाईंनी बोट वर केलं.

"आता ही खालची बघा. तुम्ही वाचली न्हाई अजून. तवर रंगली. आणि हळदी न्हाई. अबोलीच्या गजऱ्यावानी."

हेमलतेनं खाली बघितलं. ओळ अशी होती: 'घंटा वाजलीच नाही; दिवाळीपासून तिची वायर काढलेली होती आणि ती धनाजी ऑपरेटरने काढताना मी स्वतः पाहिले.' तिच्यामागं अबोली झाक होती. आणि हेमलता बघत असताना ती गडद व्हायला लागली.

मी ही काढणार होते? तिला वाटलं, मला तर तसं काही सुचलंही नव्हतं. मग दुसऱ्याच क्षणी वाटलं, सुचलं असणार. भाऊ आहे माझा. झाक काय उगीच येते?

"सगरेबाई," न्यायमूर्ती हेमलतेला म्हणाले, "ही ओळ तुम्ही काढताय?"

"नाही साहेब."

"मग हा रंग कशाचा?"

तिनं डोळे मिटून घेतले; उघडे ठेवले असते तर ओळ निळी झाली असती अशी तिला भीती वाटली. न्यायमूर्तींनी काम थांबवलं आणि कंपनीचा माणूस बोलावला.

तो दोन दिवसांनी आला. गद्रे नावाचा इंजिनिअर, पुण्याचा, चेहऱ्यानं सज्जन, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. लिहायचा एकानंही नाही. त्यानं यंत्रातली नोंद काढली आणि न्यायमूर्तींसमोर मांडली.

"झाक उमटली तेव्हा बाईंची नजर तीन ओळी वर होती," तो म्हणाला. "म्हणजे हा अंदाज निरखचा आहे."

"कशावरून बांधला त्यानं?"

"साहेब, निरख हजारो कचेऱ्यांत आहे. प्रत्येक मजकुराची कच्ची प्रत तो बघतो, पक्की प्रतही बघतो. कच्च्यातली कुठली वाक्यं पक्क्यात राहत नाहीत, ते त्याला आता पाठ झालंय. 'घंटा बंद होती.' 'साहेबांना आधी सांगितलं होतं.' 'सही मागाहून घेतली.' ही वाक्यं सहसा राहत नाहीत. तसलं वाक्य दिसलं की तो ते पुढं करून ठेवतो. तेवढाच वेळ वाचतो."

न्यायमूर्तींनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "कोणी शिकवलं त्याला हे?"

"कोणीच नाही. म्हणजे सगळ्यांनी. थोडंथोडं."

मग गद्रेनं आणखी एक सांगितलं, ते त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. झाक आणताना कंपनीनं शंभर माणसांवर प्रयोग केला होता. त्यांना एक पत्र दिलं आणि नको ती ओळ निवडा म्हणून सांगितलं. मग यंत्रानं मुद्दाम दुसऱ्याच ओळीला झाक दिली, त्यांनी न निवडलेल्या. शंभरातल्या ऐंशींच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांना विचारलं, ही ओळ का काढली? प्रत्येकानं कारण सांगितलं. चांगली, पटणारी कारणं. भाषा कडक वाटली, गरज नव्हती, वाचणाऱ्याला वाईट वाटलं असतं.

"माणूस आधी निवडतो आणि मग रंग दिसतो, असं आपल्याला वाटतं," गद्रे म्हणाला. "पुष्कळदा आधी रंग दिसतो. मग माणूस आत जाऊन आपलं कारण शोधून आणतो. आणि कारण सापडलं की ती निवड त्याची होते. खरोखरच होते, साहेब. नंतर त्याला कितीही सांगा, तो सोडत नाही."

हेमलतेनं विचारलं, "मग त्या दिवशी मला ती ओळ काढावीशी वाटली होती की नव्हती?"

"पट्ट्यात हलकी वीज उमटली आहे. पण ती आणि झाक एकाच ठोक्यात आहेत. आधी कोण, सांगता येत नाही."

"माझ्या मनातलं आहे ते. मला कळायला नको?"

"तुम्ही झाक बघितलीत ना," गद्रे म्हणाला. "बघायच्या आधीचं मन आता कुठून आणायचं?"

तेव्हा हेमलता उठून उभी राहिली. न्यायमूर्तींना म्हणाली, मला झाक नको. कॅमेरे बंद करा, पट्टा काढून घ्या, निवडलेल्या ओळीला रंग येतो तोही घालवा. पडदा कोरा ठेवा. मी जुन्या पद्धतीनं बोटांनी करीन, मनात मोजून. जे होईल ते माझ्या हातानं होऊ दे.

न्यायमूर्तींना ते फार आवडलं. त्यांनी लगेच तसा आदेश लिहवला. कलाबाईंना फेरजबाबासाठी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या तिथंच भिंतीशी बसलेल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "रंग घालवला तर मला काय कळायचं?"

"बाई वाचून दाखवतील की," सचिव म्हणाले. "पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं म्हंजे ऐकायचं."

"तर काय."

"आईचं अगदी असंच बोलणं," प्रल्हाद म्हणाला. आप्पांनी मान हलवली आणि पुढं चालू केलं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला हेमलता घरी पोचली. धनाजी उंबऱ्यात खोकत बसला होता. त्या वायूनं त्याचीही छाती पोखरली होती. बायका बाहेर काढायला तो तीनदा आत गेला होता, हेही खरंच. त्याची बायको आत भाजी परतत होती.

"आक्का, कलाबाईनं माझं नाव घेतलं?"

"मी कचेरीतलं घरी सांगत नाही."

"म्हणजे घेतलं."

ती पाय धुवायला गेली. तो मागनं आला, नळाशी उभा राहिला.

"ती घंटा दिवसातनं दहा वेळा वाजायची. हॉलमध्ये दमट झालं की वाजायची. बायका टोपल्या टाकून बाहेर पळायच्या, सुपरवायझर शिव्या देत परत बसवायचा. शेवटी बायकाच म्हणाल्या, धना, ती मेली घंटा बंद कर, डोकं उठलं. कलाबाईसुद्धा म्हणाली. तिला विचार. हसत म्हणाली होती. मग सुपरवायझरनंच सांगितलं, वायर काढ."

"मग तसं जबाबात का नाही सांगितलंस?"

"मालकांचा वकील शेजारी बसला होता. तो म्हणाला, वाजली म्हण. वाजली म्हणालास तर कोणावरच काही येत नाही."

"नऊ बायकांवर आलं की, धना."

त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "ती ओळ राहिली तर मालक आत जाणार नाही, सुपरवायझर जाणार नाही. वायर मी काढली. मी जाणार. दहा वर्षं म्हणतात. मला तेवढी छाती नाही, आक्का. दोन वर्षं पुरली तर खूप."

आतून धाकटी पोर आली, कंगवा घेऊन. आत्या, वेणी. हेमलता तिला पुढ्यात घेऊन बसली. भाग पाडताना तिच्या मनात आलं, कलाबाईंनी अर्धंच सांगितलंय. घंटा बंद करायला आपणच सांगितलं होतं, हे त्या बोलल्या नाहीत. अर्धी गोष्ट म्हणजे काय पुरावा? शिवाय वायर काढायला सांगणारा सुपरवायझर ओळीत नाहीच. अशी ओळ ठेवणं म्हणजे एकट्या धनाजीला पुढं करणं. ते काय न्यायाचं आहे?

आणि मग तिला एकदम गद्रेचा सज्जन चेहरा आठवला. मी कारणं शोधतेय, तिला वाटलं. चांगली, पटणारी.

तिनं मान वर केली. धनाजी दारात पाठमोरा उभा होता, बाहेर बघत, खोकल्यानं खांदे हलत होते. तिला क्षणभर वाटलं, त्याच्यामागं अबोली झाक उमटतेय. तिनं डोळे चोळले. मग नुसता भाऊ राहिला.

"बापरे," नदाफ म्हणाला. त्याच्या मशीनमध्ये कागद अडकला होता आणि त्यानं तो तसाच ठेवला होता. "मग काय केलं तिनं?"

दुसरा दिवस उजाडला. बचत भवन गच्च भरलं. मालकांचा वकील, पेपरवाले, नऊ घरची माणसं. हेमलता सकाळीच येऊन बसली होती. कच्चा जबाब तिनं पक्का केला होता. पडदा पांढरा सपाट, वर काळी अक्षरं. ना हळदी, ना अबोली. मी तिच्या खुर्चीमागं उभा, पाण्याचा तांब्या घेऊन.

न्यायमूर्ती म्हणाले, वाचा. ती वाचायला लागली. तिनं नाव वाचलं, वय वाचलं, गाव वाचलं. हॉल, टोपल्या, सुरेखा कुठल्या रांगेत बसली होती ते. कलाबाई पडद्याकडं बघत नव्हत्या. बघून काय करणार? त्या हेमलतेच्या तोंडाकडं बघत होत्या. आणि ती ओळ आली. 'घंटा वाजलीच नाही. दिवाळीपासून तिची वायर काढलेली होती आणि ती धनाजी ऑपरेटरने काढताना मी स्वतः पाहिले.' सगळी वाचली. शब्द न् शब्द. लिहिलेलं वाचताना माणूस कुठंतरी अडखळतो. ती अडखळली नाही. कलाबाईंनी मान डोलावली, बरोबर आहे म्हणाल्या आणि ठसा घ्यायच्या काचेवर अंगठा टेकवला. न्यायमूर्ती त्या वेळी चष्मा पुसत होते, त्यांनी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. आणि मी तर बघितली ती ओळ, काळ्या अक्षरांत, या डोळ्यांनी. राहिली होती ती. सख्ख्या भावावर बेतली, पण त्या बाईनं ओळ ठेवली.

"मग त्या भावाला अटक का झाली नाही?" प्रल्हादनं विचारलं.

"अहवाल उघडला तर होणार ना," आप्पा म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "तो मुंबईला गेला. मंत्रालयात एक कपाट आहे, सात मजले खोल. त्याची किल्ली ज्या कारकुनाकडं होती तो निवृत्त झाला आणि किल्ली घेऊन काशीला गेला. अहवाल आत आहे आणि अहवालात तुमच्या आईची ओळ आहे. बसलीय आत वाट बघत."

"आई मरेपर्यंत हेच सांगायची," प्रल्हाद म्हणाला. "बाईंनी माझं सगळं वाचलं, एक शब्द सोडला नाही. त्या बाईला कधी भेटलास तर पाया पड म्हणाली होती." तो टेबलाकडं वळला. "बाई, अर्जात तेवढं घाला. माझ्या आईच्या जबाबात घंटेची वायर काढल्याचं वाक्य आहे, त्याच्यावर कारवाई काय झाली ते कळवावं. त्याच्याखाली मी सही करतो."

टाइप करण्याचा आवाज केव्हाचा थांबला होता.

"ते घालता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"जबाबात ते वाक्य नाही."

"अहो बाई, तुम्ही तुमचं काम करा," आप्पा घाईनं म्हणाले. "गोष्ट माझी आहे."

बाईंनी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीत ठेवले. प्रल्हादकडं त्यांना बघता येत नव्हतं. त्या आप्पांकडं बघत होत्या.

"माझं नाव बदललंत, ते चाललं. चार वर्षं मी इथं बसून तुमच्या गोष्टी ऐकतेय, कधी बोलले नाही. पण हा माणूस आता सही करायला निघालाय. ती ओळ मी सकाळीच काढली होती. झाक नव्हती, कोणी पुढं करून ठेवली नव्हती. मोजून काढली. आणि कलाबाईंसमोर मी पाठ म्हटली. तुम्ही माझ्या मागं उभे होतात, आप्पा. तुम्हाला वाचता येतं."